आधी आपल्या, मग त्या

तपासनीस बाईंना फुकट मिळालेली वस्तू कधी पचली नाही. लोक म्हणतात, फुकटचं ते पौष्टिक. बाई म्हणायच्या, फुकट देतोय ना, मग नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

याला कारण त्यांची नोकरी. कापडाच्या गोदामात आलेला गठ्ठा तपासून घ्यायचा, हे त्यांचं काम. वरची घडी कितीही देखणी असो, बाई मधली घडी ओढून काढायच्या, खिडकीपाशी उजेडात धरायच्या आणि भोक, डाग, निसटलेला धागा असं काहीतरी शोधायच्याच. सापडलं की चेहरा उजळायचा. नाही सापडलं, तर दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. नोकरी संपली, गावाच्या कडेला लहानसं शेत घेऊन नवरा-बायको तिथे राहायला आली, तरी हे नाव सुटलं नाही आणि खोड तर त्याहून नाही. एखादा पाहुणा 'सहज आलो' म्हणाला, की त्याच्या माघारी बाई दोन दिवस त्या 'सहज'चा कीस पाडत बसायच्या.

नवरा नेमका उलटा. जन्मभर बेकरीत भट्टीपुढे उभे राहिले, म्हणून सगळे त्यांना पाववाले म्हणत. "लोकांनी माझा पाव कधी फोडून बघितला नाही, विश्वासाने खाल्ला," असं ते म्हणायचे, "मग मी कशाला कुणाला फोडून बघू?" रस्त्यात भेटलेल्या कुणालाही हो म्हणणारा माणूस. घड्याळवाल्या काकांनाही त्यांनी असंच हो म्हणून टाकलं.

"पाच कोंबड्या?" बाईंनी विचारलं. "आणि न बघता?"

"अगं, काका दुकान बंद करतायत. नजर गेली, बारीक काटे दिसत नाहीत. लेक आपल्याकडे घेऊन चाललीये, पाचव्या मजल्यावर. तिथे कोंबड्या कुठे ठेवणार? म्हणाले, चांगल्या घरी पडल्या तर जीव शांत राहील."

"आणि चांगलं घर त्यांना नेमकं आपलंच दिसलं."

"मी दिसलो समोर. घड्याळाचा पट्टा बदलायला गेलो होतो."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. अंडी देणाऱ्या कोंबड्या कुणी उगाच वाटतं का? त्यांच्या स्वतःच्या सात कोंबड्या होत्या, घरामागच्या खुराड्यात, आणि साऱ्या जगात बाईंचा पुरता विश्वास असलेली तेवढीच मंडळी होती. त्यांच्यातली तांबडी नावाची म्हातारी तर बाईंच्या पायावर बसून डुलक्या काढायची. त्या सातजणींत बाहेरून काही रोग शिरला तर? बाकी कशाचं बाईंना सोयरसुतक नव्हतं. एवढीच एक भीती होती.

काका टेंपोतून आले. दोन पिंजरे, धान्याची पिशवी आणि अंगात कडक इस्त्रीचा सदरा. मुलाखतीला आल्यासारखे फाटकाशी उभे राहिले.

बाईंनी एकेक कोंबडी हातात घेतली. पंख उचलून खाली बघितलं, पिसांत फुंकर घालून उवा शोधल्या, पायांचे खवले चाचपले, चोच उघडून घशात डोकावलं आणि वासही घेऊन पाहिला. पाचही धडधाकट. डोळे स्वच्छ, तुरे लाल. गोदामात असा निर्दोष गठ्ठा आला की बाई तो दुसऱ्यांदा उलगडायच्या. त्यांनी पाचही जणींना पहिल्यापासून पुन्हा तपासलं.

"ही लंबक," काका सांगत होते. "चालताना अशी डुलते बघा. आणि ही गजर. उजाडायच्या आत सगळी गल्ली उठवते. जरा लाडावलीये, सांभाळून घ्या."

गजर काकांच्या बाहीत चोच खुपसून बसली होती. पाववाले चहा टाकायला आत गेले, तेव्हा काकांनी घसा खाकरला.

"ताई, राग मानू नका हं. पण तुमच्याकडच्यांचं सगळं ठीक आहे ना? कधी शिंका, डोळ्यांना पाणी, असं काही झालं होतं का?"

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उभ्या नोकरीत त्यांची पिशवी उघडून बघायची कुठल्या व्यापाऱ्याची छाती झाली नव्हती, आणि हे घड्याळवाले त्यांनाच विचारत होते.

"माझ्याकडे?" त्या म्हणाल्या. "माझ्याकडे कधी काही झालेलं नाही."

मागच्या थंडीत त्यांच्या कोंबड्या चांगल्या शिंकल्या होत्या. तांबडीचा एक डोळा फेसाळला होता. बाईंनी लसणाचं पाणी पाजलं, खुराड्याला गोणपाटाचे पडदे लावले आणि सगळ्या बऱ्या झाल्या. बऱ्या झाल्या म्हणजे विषय संपला. आता परक्या माणसापुढे ते उकरून काढायची काय गरज?

"मग झालं तर," काका म्हणाले. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. बाईंना त्याचाही संशय आला.

नव्या कोंबड्या जुन्यांत एकदम सोडायच्या नाहीत, काही आठवडे वेगळ्या ठेवायच्या, हे कोंबड्या पाळणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. बाईंनी ते व्रत घेतल्यासारखं पाळलं. शेताच्या पार टोकाला अवजारांची खोली होती, ती रिकामी करून पाचजणींना तिथे ठेवलं. त्यांची भांडी वेगळी, झाडू वेगळा. कामाचा क्रमही ठरलेला: आधी आपल्या, मग त्या. सकाळी उठून आधी घरामागचं खुराडं झाडायचं, सातजणींना दाणापाणी करायचं, तांबडीला मांडीवर घेऊन थोपटायचं. ते सगळं उरकलं की मग टोकाच्या खोलीकडे वळायचं. उलट कधीही नाही. त्या खोलीतून बाहेर पडताना दाराशी ठेवलेल्या बादलीत कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे, घरी येऊन कपडे बदलायचे, आणि त्याशिवाय आपल्या खुराड्याकडे फिरकायचंसुद्धा नाही.

"ऑपरेशन करून आल्यासारखी काय हात धुतेस गं," पाववाले हसायचे.

"तुम्हाला नाही कळायचं. त्यांचं इकडे काही येता कामा नये."

आता एवढ्यावर भागलं असतं. पण काका दर आठवड्याला बसने यायला लागले. यायचे, फाटक उघडून थेट टोकाच्या खोलीशी जायचे आणि जाळीला नाक लावून उभे राहायचे. गजर आतून धावत यायची. मग दोघांची काहीतरी कुजबुज चालायची.

दिलेल्या वस्तूकडे माणूस परत परत बघायला येतो तो दोनच कारणांनी, असा बाईंचा हिशेब होता. एक तर ती त्याला परत हवी असते, नाहीतर तिच्यात काय खोट आहे ते फक्त त्यालाच माहीत असतं. त्या पाण्याच्या टाकीआड उभ्या राहून बघायला लागल्या. आणि एकदा काय बघितलं, तर काकांनी इकडेतिकडे पाहून खिशातून एक पुडी काढली, जाळीतून हात घालून कोंबड्यांच्या दाण्यात रिकामी केली आणि कागद पुन्हा खिशात घातला.

काका बसला गेले तशा बाई पळत खोलीत गेल्या. दाण्यावर पांढरी भुकटी पडली होती. ती चिमटीत घेऊन त्या पाववाल्यांपुढे उभ्या राहिल्या. "बघा. औषध घालतायत. आतला रोग वर येऊ नये म्हणून दाबून ठेवतायत."

पाववाल्यांनी चिमूटभर भुकटी सरळ जिभेवर ठेवली. बाई किंचाळल्या.

"अंड्याचं टरफल आहे," पाववाले म्हणाले. "भाजून कुटलंय. जन्मभर अंडी फोडलीत मी, मला नको सांगूस. कोंबड्यांच्या हाडांना चांगलं असतं ते."

"मग चोरून कशाला घालायचं?"

"तू टाकीआडून बघतेस ते त्यांना दिसत असेल म्हणून. तेवढी नजर आहे अजून त्यांना."

पण संशयाचं भूत एकदा मानेवर बसलं की टरफलाने काही उतरत नाही. आज टरफल होतं, उद्या काय असेल?

आणि मग एका सकाळी लंबक शिंकली. दुपारी आणखी दोनदा. दुसऱ्या दिवशी गजरच्या डाव्या डोळ्यात फेस दिसला. ती कोपऱ्यात मान पिसांत घालून बसली होती आणि श्वास घेताना तिच्या घशात बारीक खरखर होत होती.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी बाईंना बरंच वाटलं. भोक सापडलं होतं. वरच्या घड्या देखण्या, आत भोक, त्या म्हणतच होत्या. दुसऱ्या क्षणी त्यांना तांबडी आठवली आणि ते बरं वाटणं विरून गेलं.

"डॉक्टरांना बोलावू या," पाववाले म्हणाले.

"आधी रोग घराबाहेर. डॉक्टर मग."

बाईंनी काकांना फोन केला. ते फोन ठेवल्याठेवल्या निघाले असावेत. पिंजरे घेऊन आले तेव्हा बाईंनी त्यांना फाटकाच्या आतही घेतलं नाही.

"आजारी कोंबड्या आमच्या गळ्यात मारल्यात तुम्ही," बाई म्हणाल्या. "मला पहिल्या दिवसापासून शंका होती. चांगलं असतं तर फुकट कशाला दिलं असतं?"

"माझ्याकडे असताना कधी एक शिंकसुद्धा..." काकांनी वाक्य अर्धवट सोडलं. थोडा वेळ ते पिंजऱ्याची कडी उघडझाप करत राहिले. "माझी नजर गेलीये ताई. झालंही असेल, माझ्या लक्षात आलं नसेल. तुमच्यांना तर काही झालं नाही ना?"

"अजून तरी नाही. पण झालं तर..."

"नको, नको. तसं नको व्हायला. चुकलं माझं, मी दाखवून आणायला हवं होतं."

भांडायच्या तयारीने उभ्या राहिलेल्या बाईंना भांडायला काही उरलंच नाही. पाववाल्यांनी कोंबड्या पिंजऱ्यात घातल्या, पिंजरे टेंपोत ठेवले. चहाचं त्यांनी विचारलं, काका नको म्हणाले. त्या दिवशी पाववाले बायकोशी जेवेपर्यंत बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण आली. तरुण, चटपटीत, कोंबडी उचलून सरळ कानाला लावणारी. बाईंनी तिला आपली बाजू सांगितली: परक्या कोंबड्या, लपवलेला रोग, आपली काळजी एवढीच की सातजणींना लागण झाली की काय. डॉक्टरणीने सातहीजणींचा श्वास ऐकला. तांबडीला तिने दोन वेळा कानाशी धरलं.

"त्या नव्या आल्या तेव्हा कशा होत्या?"

"वरून चांगल्याच दिसत होत्या. दोन-तीन आठवडे काही नाही. मग एकदम शिंका."

"आणि या तुमच्या? यांना आधी कधी असं झालं होतं?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"अगं, नाही काय?" पाववाले भाबडेपणाने म्हणाले. "मागच्या थंडीत नव्हत्या का शिंकत सगळ्या? तांबडीचा डोळा केवढा सुजला होता. घरभर लसणाचा वास सुटला होता महिनाभर."

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. इथे तर घरच्याच माणसाने टोपली उचलली होती.

डॉक्टरणीने तांबडीला खाली ठेवलं. "हा आजार बरा झाल्यासारखा वाटतो, पण जात नाही," ती म्हणाली. "कोंबडी हिंडते, खाते, अंडी देते, आणि आजार अंगात बाळगून असते. नवी निरोगी कोंबडी जवळ आली की तिला देते."

"पण जवळ कुठे आल्या? मी त्यांना पार टोकाला ठेवलं होतं. काळजी घेत होते मी."

"काय काळजी घेत होतात?"

"आधी आपल्यांचं सगळं करायचं, मग त्यांचं. रोज हात धुवायचे. साबणाने."

"हात कधी धुवायच्या?"

"तिथून बाहेर पडताना."

"आणि आत जाताना?"

बाईंना आपली सकाळ दिसली. मांडीवर तांबडी, तिचं नाक त्यांच्या तळहातात, आणि मग तेच हात, तोच ओचा, घेऊन शेताच्या टोकापर्यंतची रोजची फेरी. कोपरापर्यंत फेस करून त्या रोज जे धूत होत्या, ते त्या पाचजणींचं होतं. आणि त्या बिचाऱ्यांकडे तर धुण्यासारखं काही नव्हतंच.

परक्या कोंबड्या त्यांनी दोनदा तपासल्या होत्या. आपली एकही नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं त्या आयुष्यभर लोकांना ऐकवत आल्या होत्या. आता त्यांना लाज वाटली, आणि ती बोलून हलकी करावी असं कुणी समोर नव्हतं. कारण ज्याला सांगायचं तो माणूस आपलंच चुकलं म्हणून पिंजरे घेऊन गेला होता.

"औषध पाण्यातून देता येतं," डॉक्टरीण सांगत होती. "लवकर दिलं तर त्या दोघीही वाचतील. पण एक लक्षात ठेवा. त्या पाचही आता इथल्याच. दुसऱ्या कुठल्या कळपात गेल्या तर तिथेही देतील. सगळ्या एकत्र ठेवा, आणि इथून एकही बाहेर जाऊ देऊ नका, बाहेरची एकही आत घेऊ नका."

पाववाल्यांनी टेंपो बोलावला आणि बाई औषधाची बाटली घेऊन तशाच त्यात बसल्या.

काकांचं घर अर्धं रिकामं झालं होतं. भिंतींवर घड्याळांच्या जागी गोल आणि चौकोनी फिकट डाग राहिले होते. काका मागच्या अंगणात स्टुलावर बसले होते. बाईंना बघून उठले, आणि काही विचारायच्या आत बाईच दारातून म्हणाल्या, "काका, थोडं पाणी द्या. आणि साबण. हात धुते आधी."

"हात?" काकांना कळेना. "अहो, धुवायचे तर बाहेर जाताना ना? आजार तर इकडे आहे."

बाईंनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांचं लक्ष पिंजऱ्याकडे गेलं. आत तीनच कोंबड्या होत्या. कुंपणापाशी माती नुकती उकरलेली दिसत होती.

"गजर?" त्यांनी विचारलं.

"काल संध्याकाळी. लंबकही." काका आपल्या हातांकडे बघत होते. "आजारी कोंबडी दुसऱ्याच्या गळ्यात कशी मारायची? आणि कसायाकडे द्यायचं जिवावर आलं. मग मीच केलं. नजर गेली तरी हात अजून स्थिर आहेत. गजरला कळलंसुद्धा नाही. या तिघींनाही कुणी घेईना झालंय. मी आधीच सांगून टाकतो ना, यांच्यात आजार निघालाय म्हणून."

बाटली बाईंच्या पिशवीत होती. ती त्यांना एकदम फार जड वाटायला लागली. इथून काही न बोलता तिघींना उचलून नेता आलं असतं. 'दया आली' म्हटलं असतं तरी या माणसाने विश्वास ठेवला असता, वर आभार मानले असते. बाईंना ते अगदी स्पष्ट दिसत होतं.

"आजार तुमच्याकडचा नव्हता," त्या म्हणाल्या. "माझ्याकडचा होता. मागच्या थंडीत माझ्या सगळ्या शिंकत होत्या. मी हात धुवायचे ते तुमच्यांकडून येताना. जाताना कधी धुतले नाहीत. माझ्या हातांनीच गेला तो."

पिंजऱ्यातल्या तिघी पायांनी माती उकरत होत्या.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"पहिल्याच दिवशी."

"हो, काका."

ते रागावले असते तर बाईंना सोसलं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी पाणी आणून दिलं, साबण दिला. बाईंचे हात धुऊन होईपर्यंत उभे राहिले. मग पिंजरा स्वतःच उचलला, बाईंना हात लावू दिला नाही, आणि टेंपोत नेऊन ठेवला.

तिघींना बाईंनी सातजणींत सोडलं. दहाजणींना औषध झालं. पहिले काही दिवस चोचाचोची झाली, मग तांबडीने जागा करून दिली. बाईंची दाराशी ठेवलेली बादली आता घरामागच्या खुराड्याशी आली. जाताना धुवायचे आणि येतानाही.

काका पुन्हा येतील असं बाईंना वाटलं नव्हतं. पाववाले मात्र रोज फाटकाकडे बघायचे. काका आले ते लेकीकडे राहायला गेल्यावर, बऱ्याच आठवड्यांनी. पण आधीसारखं फाटक उघडून ते सरळ आत आले नाहीत. बाहेरच, कडीवर हात ठेवून उभे राहिले. खिशातून पुडीचं टोक दिसत होतं.

बाई खुराड्यातून बाहेर आल्या.

"सगळं ठीक आहे ना?" काकांनी विचारलं.

"तुमच्या तिघी खातायत, पितायत. परवा तांबडी शिंकली, दोनदा. काल पुन्हा एकदा. डॉक्टरांना कळवलंय. तुमच्यातल्या त्या करड्या कोंबडीचा डोळा सकाळी जरा ओला वाटला. बाकी कुणाला काही नाही."

काकांनी मान हलवली. हात कडीवरच होता.

"आणखी काही?"

"नाही," बाई म्हणाल्या.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. ते बघणं बाईंच्या चांगलं ओळखीचं होतं. उजेडात मधली घडी धरून त्या स्वतः असंच बघायच्या. आपण खरं बोललोय आणि तरी समोरचा बघतोच आहे, हे कसं लागतं, ते मात्र त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं. त्यांनी नजर खाली केली नाही. तशाच उभ्या राहिल्या, ओल्या हातांनी.

शेवटी काकांनी कडी उघडली. "पाणी कुठे ठेवलंय?" त्यांनी विचारलं, आणि बाह्या वर सारत ते बादलीकडे गेले.